आदितवार आणि शिकारीचा कायदा

अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया राज्यांत 1873 पासून आदितवारीं शिकारीस बंदी होती. 2019 च्या कायद्यानें तीन आदितवार मोकळे झाले, आणि 2025 च्या कायद्यानें ती बंदी बहुतांशीं उठली. हें वाचून असा प्रश्न उद्भवतो कीं, आपल्याकडे शिकारीचे कायदे आणणाऱ्या इंग्रजांनीं हा निर्बंध बरोबर कां आणिला नाहीं? त्यांच्या स्वदेशीं तर तो होता. 1831 च्या तेथील कायद्यानें आदितवारीं व नाताळच्या दिवशीं शिकार करणें हा गुन्हा ठरविला आहे. हिंदुस्थानाकरितां केलेल्या 1912 च्या आठव्या कायद्यांत मात्र वाराचा उल्लेखही नाहीं. त्यांत आहे तो ठराविक जातींच्या पशुपक्ष्यांकरितां प्रांतिक सरकारनें जाहीर करावयाचा बंद हंगाम.

सातारा-सांगलीकडील जुन्या व्यवहाराकडे पाहिलें असतां याचा थोडाफार उलगडा होतो. आदितवार हा येथें खंडोबाचा वार. कऱ्हाडनजीकच्या पालीचा खंडोबा प्रसिद्धच आहे. लोककथांतला खंडोबा स्वतः शिकारीस निघतो व कुत्रीं त्याच्याबरोबर असतात. तेव्हां या वारीं शिकार निषिद्ध, ही कल्पना येथील रयतेस चमत्कारिकच वाटली असती. सातारकर शाहू महाराजांचें (राज्यकाल 1708-1749) शिकारीचें वेड तर सर्वश्रुत आहे. त्यांच्या कुत्र्यानें वाघापासून त्यांचा जीव वांचविला अशी परंपरा असून, त्या कुत्र्याची समाधि माहुलीस आजही दाखवितात.

परंतु आमच्या मतें मुख्य कारण निराळें आहे. या प्रांतांत वाद वाराचा नव्हताच. रान कोणाचें, हा होता. 1848 मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें. पुढें 1878 च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील शिकार, फांसे व जाळीं हीं सर्व सरकारी नियमांखालीं आलीं. त्याच सालच्या हत्यारांच्या कायद्यानें बंदुकीस परवाना आवश्यक झाला. इकडे सांगली, औंध, जत, फलटण हीं संस्थानें होतीं. 1912 चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, आणि संस्थानांचे मुलूख एकमेकांत गुंतलेले. हरिण शींव ओलांडून पलीकडे गेलें कीं त्याचा कायदा बदले!

कुणब्याची स्थिति या सर्वांत विलक्षण होती. 1912 च्या कायद्यांतील यादींत हरिणें, काळविटें, गवे, ससे वगैरे होते, परंतु रानडुकराचें नांव नव्हतें. शिवाय मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणार्थ मारलेल्या जनावरास तो कायदा लागू नसे. म्हणजे जोंधळ्यांत शिरलेलें डुकर मारण्यास कुणबी मोकळा. मात्र त्यासाठीं लागणारी बंदूक परवान्यावांचून त्याच्या घरांत असतां कामा नये. शिकारीचे हक्क विस्तारले कीं आकुंचित झाले, याचा विचार करतांना नुसता शिकारीचा कायदा वाचून भागत नाहीं, तो यामुळेंच.

8 मार्च 1948 रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं, 1949 मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व 1960 मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. मुंबई राज्याच्या 1951 च्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्यानें शिंवेशिंवेचा जुना भेद संपविला. 1972 च्या मध्यवर्ती कायद्यानेंही प्रथम परवान्याची शिकार ठेविलीच होती. रात्रीं किंवा वाहनांतून शिकार करण्यावर बंधनें घातलीं, वारावर नाहीं. 1991 च्या दुरुस्तीनें ते परवानेच गेले.

कोयना, चांदोली व सागरेश्वर हीं अभयारण्यें 1985 मध्यें जाहीर झालीं. यांपैकीं सागरेश्वर हें धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें उजाड डोंगरावर उभें राहिलेलें रान. तेथील हरिणें कुंपणाबाहेर पडून उभ्या पिकांत चरतात, अशी भोंवतालच्या गांवांची तक्रार असते. पाटण व शिराळा तालुक्यांत ती गव्यांची व डुकरांची. यावर कायद्यांत उपाय आहे तो अकराव्या कलमाचा, आणि तोही जनावरागणिक वेगळा. डुकर दुसऱ्या अनुसूचींत असल्यामुळें केवळ पिकाच्या नासाडीवरून अधिकाऱ्यास तें मारण्याची परवानगी देतां येते. गवा पहिल्या अनुसूचींत आहे. तो माणसाच्या जिवास धोकादायक ठरला, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊं शकतो. ऊंस कितीही तुडविला तरी त्या कारणानें नाहीं.