नाण्याची कळ

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात जेवणाच्या सुट्टीत मी ब्राउझरमध्ये ‘मेटल स्लग’ खेळतो. नाझ्का या जपानी कंपनीने १९९६ मध्ये हा युद्धखेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी घडवला. पायी सैनिक एका गोळीत मरतो. ही कठोरता युद्धाची नव्हे, गल्ल्याची. डाव लवकर संपला तरच पुढचे नाणे पडणार.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हे एम्युलेटर आणले, तेव्हापासून अशी यंत्रे संगणकात जतन होऊ लागली. ‘मेम’मध्येही नाणे टाकावे लागते; कीबोर्डवरचा ५ दाबायचा. लहानपणी पार्लरमध्ये शेवटचे नाणे मुठीत घामेजायचे. आता नाणी अमाप, म्हणून मरणाचे भय नाही. परवा ठरवले, ५ एकदाच दाबायचा. तेव्हा कुठे तो जुना खेळ पुन्हा भेटला.