तानसाकाठची उष्णोदक तीर्थे : वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उत्तर कोकणच्या इतिहासलेखनात किल्ले, बंदरे आणि देवालये यांची दखल विपुल घेतली गेली; परंतु गरम पाण्याच्या झऱ्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला. भिवंडी तालुक्यातील तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही स्थाने अशा झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. देवस्थान आणि आश्रम यांच्या आश्रयाने या वसाहती वाढल्या, मात्र ज्या पाण्यामुळे स्थानाला महत्त्व आले ते पाणी इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिले, हे येथे दाखवावयाचे आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पश्चिमेस, त्याला समांतर असा उष्ण झऱ्यांचा पट्टा पसरला आहे. त्याचे उत्तर टोक डहाणूच्या दक्षिणेस पालघर तालुक्यातील कोकनेर येथे, तर दक्षिण टोक राजापूरजवळ मानले जाते. हालोली व सातिवली येथील झरे याच पट्ट्यातील होत. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही कोकणातील ग्रामनामे ऊन पाण्याचीच साक्ष देतात.

हे झरे ज्वालामुखीचे अवशेष आहेत, हा समज शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. येथील बेसाल्ट खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याची मूळ उष्णता केव्हाच निवली आहे. पावसाचे पाणी भेगांवाटे खोलवर झिरपते, भूगर्भातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि भ्रंशरेषांवाटे पुन्हा वर येते. तानसाकाठचे काही झरे नदीपात्रातच असल्याने पावसाळ्यातील पुरात ते दिसेनासे होतात.

देवस्थानाचा कालखंड

लोकश्रद्धेनुसार परशुरामाने या परिसरात यज्ञ केला आणि देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तापासून ही कुंडे निर्माण झाली. देवीचे मूळ स्थान गुंज येथे होते व पोर्तुगीज अमदानीत ते वडवली येथे आले, अशी परंपरा आहे.

१७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेने या स्थानास राजकीय महत्त्व प्राप्त झाले. १७३९ च्या प्रारंभी डहाणू, केळवे, शिरगाव व तारापूर ही ठाणी मराठ्यांच्या ताब्यात आली आणि मे महिन्यात वसई शरण आली. चिमाजी अप्पांनी विजयासाठी देवीस नवस केला व तो फेडण्यासाठी मंदिर उभारविले, असे परंपरा सांगते. तटबंदी, उंच पायऱ्या आणि नगारखाना यांमुळे मंदिरास किल्ल्याचे रूप आले आहे. नगारखान्याचे श्रेय बडोद्याच्या गायकवाडांना दिले जाते. अकलोली येथील कुंडेही शिवालयाच्या सान्निध्यातच आहेत. स्नान आणि दर्शन हे एकाच यात्रेचे दोन विधी ठरले.

आश्रमाचा कालखंड

विसाव्या शतकात स्वामी नित्यानंद या परिसरात आले आणि भीमेश्वर मंदिराजवळील गणेशपुरी हे भक्तांचे केंद्र बनले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी ते समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे १९७० नंतर परदेशी साधकही येथे येऊ लागले. धर्मशाळा, दुकाने, भोजनगृहे यांचा विस्तार झाला; परंतु या अर्थव्यवहाराचा आधार स्नानापेक्षा समाधिदर्शन हा होता.

एक तुलना

तैवानमधील बेइतोउ हे गाव जपानी अमदानीत (१८९५ ते १९४५) उष्णोदक नगर म्हणून विकसित झाले. १९१३ मध्ये तेथे सार्वजनिक स्नानगृह उभारले गेले. पुढे ते दुर्लक्षित झाले. मात्र स्थानिक शाळेतील शिक्षक व विद्यार्थ्यांनी त्याचा शोध घेऊन पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. खुद्द जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने उष्ण झऱ्यांची व्याख्या केली असून नव्या उत्खननास परवानगी आवश्यक ठरविली आहे. तेथे पाणी हीच जपावयाची संपदा मानली गेली. तानसाकाठी मात्र पावित्र्याने कुंडांना आश्रय दिला, पण भूगर्भातील प्रवाहाचे रक्षण करणे हे श्रद्धेच्या आवाक्यातले नव्हते.

निष्कर्ष

मंदिर पडले तर ते पुन्हा बांधता येते, परंतु झऱ्याची वाट एकदा मोडली की ती बांधून देता येत नाही. नदीपात्रातील बांधकाम, सांडपाणी आणि कुंडांलगतच्या कूपनलिका यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून हे झरे दोन जिल्ह्यांत वाटले गेले आहेत. म्हणून दोन्हीकडील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन ऋतुनिहाय तापमान, कुंडांची स्थिती आणि स्थानिक वृद्धांच्या आठवणी यांची नोंद ठेवणे उचित ठरेल. बेइतोउचा वारसा वाचला तो शिक्षक-विद्यार्थ्यांच्या अशाच प्रयत्नातून. येथेही आरंभ वर्गातून होऊ शकतो.