बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका : गळाच्या मासेमारीसाठी टिकाऊ रीळ कसे निवडावे?

कुंभार पिंपळगाव (जि. जालना) : पावसाळा ओसरून गोदावरीचे पाणी निवळू लागले, की बंधाऱ्यांच्या फुगवट्याकडे गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची पावले वळू लागतात. जालना आणि बीड जिल्ह्यांची सीमा आखत वाहणाऱ्या या नदीवर घनसावंगी तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी येथे उच्च पातळी बंधारे आहेत. अशा संथ, खोल पाण्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे कार्प जातीचे मासे चांगले पोसतात. पूर्वी बाटलीवर किंवा लाकडी फळीवर गुंडाळलेली तंगूसची दोरी हातानेच भिरकावली जाई. आता तिची जागा काठी आणि रिळाने घेतली आहे. मात्र हौसेने घेतलेले रीळ एका हंगामातच खडखडू लागते, असा अनुभव अनेकांना येतो. कुंभार पिंपळगावासारख्या गावात रिळाचा सुटा भाग सहजी मिळत नाही. त्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, नाहीतर पार्सलची वाट पाहावी लागते. त्यामुळे खरेदीच्या वेळीच टिकाऊपणाची पारख करणे अगत्याचे ठरते.

कार्पसाठी वेगळा विचार कशाला?

यांतील बहुतेक कार्प हे तळाशी किंवा मधल्या थरात सावकाश चरणारे मासे आहेत. मळलेली कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, उकडलेला मका ही त्यांची नेहमीची आमिषे. आमिषाचा गोळा मऊ असल्याने झटका बसला, तर तो हवेतच गळावरून सुटतो. म्हणून फेक लांब असली तरी ती सलग आणि सौम्य असावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, मोठा रोहू वा कटला आमिष घेताच एकाच दमात बरेच अंतर धावतो. त्या वेळी रिळाने दोरी अडवून न धरता मोजक्या ताणाने सोडायची असते. फेक आणि धाव या दोन कसोट्यांना जे उतरते, तेच कार्पसाठी योग्य रीळ होय.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात दोरीचे चाक फेकीबरोबर स्वतः फिरते. त्याला मल्टिप्लायर किंवा बेटकास्टिंग रीळ म्हणतात. हे रीळ दणकट असते, पण चाकाचा वेग अंगठ्याने आवरता आला नाही, तर दोरीचा गुंता होतो. दुसरा प्रकार स्पिनिंग रिळाचा. त्यात दोरीचे चाक स्थिर राहते आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. ही कल्पना इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या कापडनगरीच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्षात आणली. गिरणीतील बॉबिनवरून सूत सुटते, त्याच तत्त्वावर ती आधारलेली आहे. मऊ आमिष सौम्यपणे फेकण्यासाठी आणि नवशिक्याच्या हातासाठी हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा आहे.

झीज नेमकी कुठे होते?

झिजेची कल्पना साध्या हिशेबाने येऊ शकेल. चाकाचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर त्याचा घेर सुमारे १५.७ सेंटिमीटर होतो. मूठ एकदा फिरवली असता दोरी गुंडाळणारा भाग पाच वेळा फिरतो असे मानल्यास एका फेऱ्यात सुमारे ७८ सेंटिमीटर दोरी आत येते. म्हणजे ५० मीटरवर फेकलेला गळ परत आणण्यास मूठ सुमारे ६४ वेळा, तर गुंडाळणारा भाग ३२० वेळा फिरतो. दिवसभरात ३० फेकी झाल्या, तर हा आकडा ९,६०० वर जातो आणि सुमारे दीड किलोमीटर ओली दोरी एका लहानशा रोलरवरून सरकते. नदीकाठी ही दोरी नुसती ओली नसते, तर तिला बारीक वाळू आणि गाळ चिकटलेला असतो. ही वाळू रिळाच्या सांध्यांत आणि चक्रांत शिरली, की कानशीसारखे काम करते. गोदाकाठच्या रिळाचा खरा शत्रू मासा नसून वाळू आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणूनच डब्यावर ठळकपणे छापलेला बेअरिंगचा आकडा टिकाऊपणाची हमी ठरत नाही. दहा-बारा हलक्या प्रतीच्या उघड्या बेअरिंगपेक्षा झाकण असलेली, न गंजणारी चार-पाच चांगली बेअरिंग अधिक काळ साथ देतात. बेअरिंगमुळे मूठ दुकानात लोण्यासारखी फिरते हे खरे, परंतु भार पेलण्याचे काम मुख्य दातेरी चक्र आणि त्याला जुळलेले छोटे चक्र करीत असते. स्वस्त रिळांत मुख्य चक्र बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असते. त्याचे दाते सततच्या भाराने लवकर बोथट होतात. यंत्रावर कापलेले किंवा दाबून घडवलेले ॲल्युमिनियमचे चक्र आणि पितळी छोटे चक्र ही जोडी अधिक भरवशाची मानली जाते.

आवरणाचेही तसेच आहे. ग्रॅफाइट वा तत्सम प्लॅस्टिकचे आवरण हलके असते आणि गंजत नाही, पण ताण आला की ते किंचित लवते. आवरण लवले, की आतील चक्रांची जुळणी ढळते आणि दाते एकमेकांवर तिरके घासू लागतात. ॲल्युमिनियमचे आवरण वजनाने जड असले, तरी मोठ्या माशांसाठी ते उजवे ठरते. उत्तम प्रतीचे कार्बनयुक्त आवरणही पुरेसे ताठ असते.

ब्रेक आणि मोकळी धाव

माशाच्या ओढीने दोरी मोजक्या ताणावर सुटावी, यासाठी रिळात ड्रॅग अर्थात ब्रेकची योजना असते. त्याची कमाल ताकद किती यापेक्षा तो किती अलगद सुटतो, हे महत्त्वाचे. अडखळत सुटणारा ब्रेक दोरीला हिसका देतो आणि ती तटकन तुटते. तोंडात गळ घेऊन मासा निसटतो. हौशी माणसाचे यात फारसे बिघडत नाही, पण तो मासा पुढे तडफडून मरण्याची शक्यता असते. तेव्हा चांगला ब्रेक ही चैन नसून पाण्यातल्या जिवाप्रती असलेली जबाबदारी आहे.

ब्रेकचा ताण दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. दोरी ६ किलो ताकदीची असल्यास ब्रेक दीड ते दोन किलोच्या ओढीला सुटला पाहिजे. ब्रेकची कळ चाकाच्या पुढे असलेल्या रिळात चकत्या सहसा मोठ्या असतात, त्यामुळे उष्णता पसरते आणि झीज कमी होते. नमद्याच्या चकत्यांपेक्षा कार्बनच्या चकत्या अधिक टिकतात.

काठी बेचकीवर टेकवून तासन् तास वाट पाहणाऱ्यांसाठी आणखी एक सोय उपयुक्त आहे. एक कळ फिरवताच चाक मुख्य ब्रेकपासून सुटे होते आणि अगदी हलक्या ताणावर दोरी सोडू लागते. मूठ फिरवली, की मुख्य ब्रेक पुन्हा लागू होतो. जपानच्या शिमानो कंपनीने 'बेटरनर' या नावाने ही रचना लोकप्रिय केली. पुढे अनेक कंपन्यांनी ती स्वीकारली. ही सोय नसेल आणि ब्रेक आवळलेला असेल, तर मोठा मासा काठीसकट सारे सामान पाण्यात ओढून नेऊ शकतो.

दुकानात काय तपासावे?

मध्यम ते मोठ्या कार्पसाठी ४००० ते ६००० क्रमांकाचे रीळ पुरेसे होते. ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीची दोरी किमान २०० मीटर मावेल, एवढी चाकाची क्षमता असावी. एका फेऱ्यास पाचच्या आसपास गुणोत्तर असलेले रीळ घ्यावे. फार वेगवान रिळात चक्रांवर अधिक भार येतो.

रीळ हाती घेतल्यावर मूठ आडवी-उभी हलवून पाहावी. लक्षात येण्याजोगी ढिलाई असेल, तर ते बाजूला ठेवावे. घडी होणाऱ्या मुठीपेक्षा आट्यांनी थेट बसणारी मूठ अधिक घट्ट राहते. मूठ उलट फिरवल्यास ती जागच्या जागी थांबली पाहिजे. दोरी उचलणारी तार जाड व बळकट असावी. तिच्या टोकाचा रोलर बोटाने फिरवून पाहावा. तो अडकत असेल, तर दोरी त्यावर घासून खाच पाडणार हे निश्चित. चाकाची कड गुळगुळीत आहे ना, हे नखाने चाचपावे. शेवटी दुकानदाराला दोरी ओढायला लावून ब्रेक अलगद सुटतो का, हे पाहावे. मुठीचा स्क्रू, तार आणि रोलर हे भाग सुटे मिळतात का, हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. दोन रिळांत निवड करायची वेळ आली, तर ज्याचे सुटे भाग मिळतात तेच घ्यावे.

निगा राखली तरच आयुष्य

उत्तम रीळही निष्काळजीपणापुढे टिकत नाही. ते कधीही वाळूवर ठेवू नये. घरी परतल्यावर ब्रेक घट्ट आवळून ओल्या फडक्याने रीळ पुसावे. नळाची जोरदार धार मारू नये, कारण तिच्या दाबाने वाळू आत ढकलली जाते. वाळल्यावर रोलरवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि ब्रेक सैल करून रीळ ठेवावे. दाबून ठेवलेल्या चकत्या चपट्या होऊन चिकटतात. आतील चक्रांना वर्षातून एकदा ग्रीस पुरते. दोरी चाकाच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील एवढीच भरावी. अधिक भरल्यास तिची वेटोळी एकदम सुटतात, तर कमी भरल्यास फेक आखूड पडते. काढलेली जुनी तंगूस काठावर टाकू नये. तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

परवानगीचेही भान हवे

रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावाच्या साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर देशभर तलावांत मत्स्यबीज सोडण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे अनेक तलावांतील मासा आपोआप आलेला नसून कोणीतरी पैसे खर्चून सोडलेला असतो. तलावांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात आणि त्यावर मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची चूल पेटते. गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची किंवा मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घेणे म्हणूनच आवश्यक आहे. पैठणचा नाथसागर हे तर १९८६ मध्ये घोषित झालेले पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाचे नियमही पाळावे लागतात.

रीळ हे अखेर एक साधे यंत्र आहे. त्याच्या पोटातील दोन चक्रे, ब्रेकच्या चार चकत्या आणि टोकाचा एक रोलर यांची पारख ज्याला झाली, त्याला डब्यावरचे आकडे भुलवू शकत नाहीत. अशा पारखून घेतलेल्या आणि नीट जपलेल्या रिळाला दरवर्षी नवा जोडीदार शोधावा लागत नाही.