परिदंत रोग : प्रतिरक्षाविषयक प्रायोगिक संशोधन

हिरड्या, दाताचे मूळ जखडून ठेवणारे तंतू आणि दाताची खोबण असलेले जबड्याचे हाड यांच्या शोथयुक्त (दाहयुक्त सूज असलेल्या) विकारास परिदंत रोग म्हणतात. व्यवहारात तो ‘पायोरिया’ या नावाने परिचित आहे. यातील हाडाची झीज सूक्ष्मजंतू घडवितात की त्यांच्याशी झुंजणारी शरीराची स्वतःची प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक यंत्रणा), हा या संशोधनाचा मूळ प्रश्न होय.

हा रोग संक्रामणशील असल्याचे कीझ व जॉर्डन यांनी १९६४ मध्ये हॅम्स्टर प्राण्यांत दाखविले. पुढील वर्षी लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. सुमारे तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या व स्वच्छता पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. जंतूंचा दोष सिद्ध झाला, तरी तेवढ्याने हाडाच्या झिजेचा उलगडा होत नव्हता. १९७२ मध्ये हॉर्टन व सहकाऱ्यांनी मानवी श्वेत कोशिकांच्या संवर्धनद्रवात हाड विरघळविणारा घटक असल्याचे दाखविले. इंटरल्यूकिन-१ बीटा हा त्याचा प्रमुख अंश असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. संशयाची सुई अशा रीतीने रक्षकाकडेच वळली.

मात्र प्राण्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी होती. यौवनलोपी ग्रंथी जन्मतःच नसलेल्या मोठ्या उंदरांत हाडाची झीज अधिक होते, असे टॉबमन यांच्या गटास १९८५ मध्ये आढळले. उलट, प्रतिरक्षेचा तीव्र अभाव असलेल्या लहान उंदरांत ती कमी होते, असे बेकर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नोंदविले. प्राणी व जंतू दोन्ही भिन्न असल्याने यांपैकी एकास चूक ठरविणे योग्य नव्हे. लसीका कोशिकांचे काही गट झीज रोखतात, तर काही ती चेतवितात, हेच त्यातून सूचित होते. सबंध प्रतिरक्षा दडपणे हा म्हणूनच ओबडधोबड उपाय ठरतो. अवयवरोपणानंतर देण्यात येणारे सायक्लोस्पोरीन हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याने काही रुग्णांच्या हिरड्या बेसुमार वाढतात, असे १९८३ च्या सुमारास लक्षात आले व उंदरांतही ही वाढ घडविता आली.

यापुढे एकेका रासायनिक दूतास अडविण्याकडे लक्ष वळले. इंटरल्यूकिन-१ व अर्बुद-ऊतकनाशक घटक या दोहोंस रोधणारी द्रव्ये हिरड्यांत टोचल्यावर मकाक माकडांतील हाडाची झीज सु. ६० टक्क्यांनी घटली (१९९८). २००० मध्ये टेंग व सहकाऱ्यांनी मानवी लसीका कोशिका रोपलेल्या उंदरांत ऑस्टिओप्रोटेजेरिन देऊन हाड वाचविले.

दातांभोवती रेशमी दोरा बांधून माकडांत घडविलेला रोग काही आठवड्यांचा असतो, तर माणसाचा वर्षानुवर्षांचा. त्यामुळे हे आकडे मानवास जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही पूरक प्रथिनांपैकी सी-३ या प्रथिनाचा रोधक प्रथम माकडांत उपयुक्त ठरला आणि हिरड्यांचा शोथ असलेल्या रुग्णांवरील त्याच्या छोट्या चाचणीतही शोथ घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.