माळकऱ्याच्या पोटातला मासा

संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्या निमगाव केतकीत मुक्कामाला येते, तेव्हा अण्णांना जेवायलाही सवड नसते. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही. अशा माझ्या वडिलांना मी तीन महिने माशाचं तेल खाऊ घातलं.

रक्ततपासणीत त्यांचं ट्रायग्लिसराइड ४१२ आलं होतं. ते १५०च्या आत हवं. डॉक्टरांना न विचारता मी पुण्याहून सोनेरी कॅप्सूलची बाटली नेली. अण्णांनी विचारलं, "कसली रे ही?" मी म्हणालो, "तेलाची." पुढे पुतणीने बाटलीवरचं चित्र पाहून मोठ्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही मासा खाता?" अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोटात गेला तो गेला. निदान आकडा तरी उतरला का?"

उतरला नव्हता. का, ते शोधताना मी या कॅप्सूलचा इतिहास वाचत गेलो.

माशाचं तेल आधी औषधात आलं ते अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी. मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला, तिकडचं तेल थांबलं आणि आपल्या किनाऱ्यावर शार्कच्या, म्हणजे मुशीच्या, यकृतातून तेल काढायला जोर आला. रक्तातल्या चरबीचा तेव्हा संबंधच नव्हता.

तो जोडला गेला ग्रीनलंडमध्ये. १९७० मध्ये हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश डॉक्टर उमानाक भागात गेले. सील आणि मासे खाणाऱ्या १३० इन्युइट लोकांचं रक्त त्यांनी तपासलं. इतकी चरबी खाऊनही त्यांचं ट्रायग्लिसराइड डॅनिश लोकांपेक्षा बरंच कमी निघालं. डेन्मार्कला राहायला गेलेल्या इन्युइटांचं मात्र तिथल्या लोकांसारखंच होतं. म्हणजे फरक रक्ताच्या नात्यात नव्हता, ताटात होता. इन्युइटांना हृदयविकार किती होतो, हे मात्र या दोघांनी स्वतः मोजलं नव्हतं. तरी जाहिरातींनी तेच उचललं.

तेल काम करतं, हे खरं आहे. त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं यकृतातून रक्तात जाणारी चरबी कमी करतात. रोज सुमारे ४ ग्रॅम घेतली तर ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्के उतरतं. अमेरिकेत २००४ मध्ये असं औषध मंजूर झालं, तेही आकडा ५०० किंवा त्यावर असणाऱ्यांसाठी. दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ही आम्लं बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात, बाकी इतर तेल. अण्णा रोज दोन घेत होते. औषधाची मात्रा गाठायला बारा-तेरा लागल्या असत्या, आणि तसं मनाने घेणंही धोक्याचं. मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते.

आकडा उतरला म्हणजे हृदय वाचलं का, यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये ८,१७९ रुग्णांवरच्या 'रिड्यूस-इट' चाचणीत नुसत्या ईपीएच्या औषधाने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा घटना २५ टक्के कमी झाल्या. २०२० मध्ये १३,०७८ रुग्णांवरच्या 'स्ट्रेंग्थ' चाचणीत ईपीए-डीएचए एकत्र दिलं, तर फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीत तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलानेच त्या गटाचं नुकसान झालं असेल, अशी शंका काहींनी घेतली.

हे सगळं अण्णांना सांगितलं, माफीही मागितली. मग दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी साखर तपासली, मग अण्णांचं ताट विचारलं. दिवसाला सहा गोड चहा, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वर केळी. साखर आणि पिष्टाचं जास्तीचं यकृत ट्रायग्लिसराइडच करतं. घरात मासा नव्हता, पण तेलकटही फार नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

आता चहा बिनसाखरेचा आहे, सकाळी ओढ्यापर्यंत चालणं आहे. ओमेगा-३ शेवाळापासूनही काढतात, माशांना ते मुळात तिथूनच मिळतं, हेही अण्णांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले तर बघू. पण आधी बाटली मला वाचून दाखवायची."