जुळणीकडून निर्मितीकडे : महाराष्ट्रातील मोटार उद्योगाची पायाभरणी

प्रस्तावना

मोटारगाडीच्या शोधाचा इतिहास सामान्यतः जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांभोवती मांडला जातो. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आणली व १९१३ पासून सरकत्या जुळणी-पट्ट्यावर तिचे उत्पादन करून ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. भारतात मात्र मोटार आली ती आयात वस्तू म्हणून. ती येथेच तयार व्हावी, या आकांक्षेचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परकीय जुळणी कारखाने

फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये भारतात पाय रोवले. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत होता. परदेशातून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. त्यातून काहींना रोजगार मिळाला. परंतु इंजिन व गिअर घडविण्याचे ज्ञान आणि त्यावरील नफा परदेशातच राहिला.

विश्वेश्वरय्या व वालचंद

या परिस्थितीला पहिले नियोजनबद्ध आव्हान सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दिले. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या व खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याने १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना आखली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबईतील मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दर्शविली. परंतु १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हा आधार नाहीसा झाला.

योजनेची धुरा वाहिली ती सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी. फोर्ड कंपनीशी वाटाघाटी फलद्रूप न झाल्याने त्यांनी १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार केला. तथापि, युद्धकाळात लष्कराला मोटारींची निकड असूनही ब्रिटिश सरकारने या कारखान्यास युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा नाकारला. परिणामी यंत्रसामग्रीची आयात अशक्य झाली. अखेर १९४४ मध्ये ‘प्रीमिअर ऑटोमोबाईल्स’ची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

स्वातंत्र्यानंतरचे वळण

येथे एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. प्रीमिअरच्या आरंभीच्या गाड्यादेखील मुख्यतः आयात भागांच्या जुळणीतूनच तयार होत. मालकी स्वदेशी झाली तरी निर्मिती तत्काळ स्वदेशी झाली नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाची अट घातली, तेव्हा चित्र पालटले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये जुळणीचे काम थांबविले. प्रीमिअरने फियाटच्या सहकार्याने देशी भागांचे प्रमाण वाढवीत नेले. मात्र हा बदल पाहण्यास वालचंद नव्हते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले होते. पुढे याच परंपरेतील ‘पद्मिनी’ मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली.

निष्कर्ष

महाराष्ट्रात मोटारनिर्मिती विलंबाने सुरू झाली, ती बुद्धी वा भांडवलाच्या अभावामुळे नव्हे, तर धोरण ठरविण्याचा अधिकार परकीयांच्या हाती असल्यामुळे. त्याचबरोबर राजकीय स्वातंत्र्यातून औद्योगिक स्वावलंबन आपोआप सिद्ध होत नाही, हेही कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास दाखवितो. जुळणीला निर्मिती समजण्याची चूक टाळावयाची असेल, तर कारखान्याच्या मालकीइतकाच तेथे घडणाऱ्या भागांचाही हिशेब मांडला पाहिजे.