बुद्धिबळातील किताब आणि उशिरा सुरुवात

बुद्धिबळातील किताबाला वयाची अट नाही. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ अर्थात फिडेच्या नियमांनुसार २२०० गुणांकन गाठल्यास कँडिडेट मास्टर, तर २३०० गाठल्यास फिडे मास्टर हा किताब मिळतो. इंटरनॅशनल मास्टरसाठी २४०० आणि ग्रँडमास्टरसाठी २५०० गुणांकनाबरोबरच ठरावीक नॉर्मही पूर्ण करावे लागतात. बहुतेक ग्रँडमास्टर बालपणापासून खेळत आलेले असल्याने प्रौढ वयात सुरुवात करणाऱ्यांसाठी ही वाट खडतर ठरते.

या संदर्भात पंजाबमध्ये जन्मलेले मीर सुलतान खान यांचे उदाहरण उल्लेखनीय आहे. आंतरराष्ट्रीय नियमांचे बुद्धिबळ ते विशीत शिकले. मात्र त्यांची पाटी कोरी नव्हती. लहानपणापासून ते भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ खेळत असत. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकत असे. १९२८ मध्ये त्यांनी अखिल भारतीय, तर १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. हेस्टिंग्ज येथे त्यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांनाही पराभूत केले.

फिडेने १९५० मध्ये किताब देण्यास प्रारंभ केला, तेव्हा खान स्पर्धांपासून दूर गेले होते. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब प्रदान केला.